देवाला सोडलेला शेंगदाणा

हा अनुभव लिहावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. असे अनुभव सांगणारी माणसं पक्क्या श्रद्धेनं बोलतात. माझ्याजवळ तेव्हा श्रद्धा कमी आणि संशय जास्त होता. देवावर संशय, डॉक्टरांवर संशय, आणि जो माणूस मदतीला आला त्याच्यावर तर सगळ्यात जास्त. त्यामुळे मी हे सांगायला योग्य माणूस आहे का, मला माहीत नाही. पण घडलं ते घडलं. ते जसं आहे तसं लिहितो.

आमचं गाव देवगाव रंगारीजवळ आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लहानपणापासून दिवस मावळला की माझं जग इतरांच्या आधी बंद व्हायचं. बाकीच्या पोरांना अजून चेंडू दिसत असायचा आणि मला पोरंसुद्धा दिसत नसत. एकदा लग्नाच्या पंगतीत, अंधारून आलेलं असताना, माझा पाय एका पाहुण्याच्या ताटात पडला. तेव्हापासून मी संध्याकाळच्या पंगतीला जाणं टाळू लागलो. चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढायचा. नंतर बाजूनं येणारी माणसं, सायकली एकदम अंगावर आल्यासारख्या दिसू लागल्या. कॉलेजसाठी शहरात खोली घेऊन राहू लागलो, तेव्हा ऊन कलायला लागलं की मी पुस्तकं आवरून निघायचो. मित्र म्हणायचे, "निघालं बघा सूर्यफूल!" मीही हसायचो. खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी या दुखण्याची दोन कारणं ठरलेली होती. एक म्हणजे अंगात ताकद नाही. दुसरं कारण आई हळू आवाजात सांगायची, की काकूनं काहीतरी केलं. मी लहान असताना आमच्या उंबऱ्यावर एक लिंबू सापडलं होतं, आणि त्या आधी काकूशी आईचं भांडण झालं होतं. एवढ्यावर दोघी जावांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद होतं. ताकदीसाठी आई मला भाजलेले शेंगदाणे आणि गूळ द्यायची, अंडी उकडून द्यायची, भाजीत दाण्याचं कूट मूठभर जास्त घालायची. आणि करणीवर उतारा म्हणून तिनं महादेवाला बोलून ठेवलं होतं की पोराची नजर येईपर्यंत पोरगा सोमवार धरील. म्हणून मी दर सोमवारी उपवास करायचो. दिवसभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी, नाहीतर कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी. शहरात आल्यावरही मी सोमवार मोडला नाही. पण खरं सांगतो, तो भक्तीनं नव्हता. आई फोनवर विचारायची आणि मला खोटं बोलता येत नाही, म्हणून होता. मनात मात्र यायचं की इतके सोमवार झाले, नजर तर उलट कमीच होत चाललीय. मग हा देव ऐकतोय तरी कुणाचं?

शेवटी एका सोमवारी मी शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात एकटाच गेलो. खिडकीवर तक्रार सांगितली, रात्री दिसत नाही, बाजूचं दिसत नाही. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून मला बाकावर बसवलं. समोरचं सगळं धूसर झालं होतं. उपवास होता म्हणून मी डबा उघडला. त्या दिवशी सकाळीच गावाकडून आलो होतो, निघताना आईनं भगर आणि आमटी बांधून दिली होती. चाचपडत खायला लागलो, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"बेटा, सोमवार आहे काय आज तुझा?"

एक पन्नाशीतले गृहस्थ होते. डोक्यावर गोल टोपी, हातात कापडी पिशवी. मी हो म्हणालो. ते आणखी जवळ सरकले.

"रात को दिखता नहीं ना? खिडकीवर सांगितलंस ते ऐकलं मी. आणि ही आमटी दाण्याची आहे. नक्को खाऊ बेटा ही. मेरी सुन."

मी डबा बंद केला. मला भीतीच वाटली. नातेवाईकांनी बजावून ठेवलं होतं की दवाखान्यात दलाल फिरतात, गोड बोलून दुसरीकडं नेतात, नाही नाही त्या तपासण्या करायला लावतात. त्यांनी विचारलं, गाव कोणतं. मी अर्धवट सांगितलं. मग त्यांनी जे विचारलं, त्यानं माझं डोकंच तापलं. "तेरे अम्मा-अब्बा रिश्ते में हैं क्या?"

माझी आई वडिलांच्या मामाची मुलगी आहे. आमच्याकडं मामाची मुलगी करतातच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण अनोळखी माणसानं दवाखान्याच्या बाकावर हे का विचारावं? मी म्हणालो, "तुम्हाला काय करायचं?" ते हसले. "हमारे में भी वोइच है बेटा. चुलतभावंडांत. म्हणून विचारलं." मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. माझ्या मागं त्यांनी जीभ चुकचुकल्याचं मला ऐकू आलं.

आत डॉक्टर मॅडमनी डोळ्यात प्रकाश टाकून पाहिलं. हा पडद्याचा वारशानं येणारा आजार दिसतो, त्यावर औषध नाही, जपून राहायचं, असं त्या म्हणाल्या. कानात नुसतं 'औषध नाही' एवढंच वाजत होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि तीच टोपी आत डोकावली.

"मॅडम, इसका खून देखो ना एक बार. माझ्या लेकीचं बघितलं तसं."

"चाचा!" मॅडम वैतागल्या. "परत सुरू झालं का तुमचं? किती पेशंटच्या मागं लागलात आजवर? निघाला का एकाला तरी? बसा बाहेर."

दार बंद झालं. मॅडमनी कागदावर पेन टेकवलं, थांबल्या, आणि पुन्हा माझ्या डोळ्यात पाहिलं. या वेळी बराच वेळ. मग त्यांनी विचारलं, "आई-वडील नात्यातले आहेत का?"

त्या प्रश्नानं माझ्या मनात सगळं जुळलं. म्हणजे बाहेरचा माणूस आणि आतली बाई, दोघं मिळालेले. एक बाकावर गिऱ्हाईक पाहतो आणि दुसरी तपासणी लिहून देते. त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली, नमुना बाहेरगावी पाठवावा लागेल म्हणाल्या. मी "उद्या येतो" म्हणालो आणि यायचं नाही असं ठरवून बाहेर पडलो.

दवाखान्याच्या आवाराला लागून एक पिंपळ आहे, त्याच्याखाली एक लहानशी पिंड. तिथं मी थेंबांचा अंमल उतरेपर्यंत बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाशी भांडलो. मोठ्यानं नाही, मनातच. म्हणालो, तुझे सोमवार करतोय. आईनं करायला सांगितले म्हणून का होईना, पण एकही चुकवला नाही. आता तूच सांग कोण खरं आणि कोण लबाड, कारण मला तर दिसतच नाही. याला प्रार्थना म्हणायचं का, मला माहीत नाही. त्यात विनंती कमी आणि तक्रारच जास्त होती. उत्तर येईल अशी अपेक्षाही नव्हती.

उठलो तेव्हा उन्हं उतरली होती. मला दुसरं काही सुचेना, आईकडं जावंसं वाटलं. बसस्थानकावर पोचेपर्यंत अंधारून आलं. गर्दी, गाड्यांचे दिवे, सगळं एकमेकांत मिसळलेलं. फलाटावरून खाली उतरायचं होतं. मी नेहमी करतो तसं केलं, चपलेचा तळ जमिनीवर घासत पुढं नेला, कड लागेपर्यंत. ही माझी खूण कुणाला कळू नये म्हणून मी ते फार हळू करतो. तेवढ्यात माझ्या बाजूलाच तसाच घासण्याचा आवाज आला. कुणीतरी अगदी तसंच, तळ घासत, कड शोधत होतं. मी वाकून पाहिलं. दिव्याच्या उजेडात माझ्याच वयाची एक मुलगी, जाड चष्मा, डोक्यावर ओढणी. तिनं आपल्या वडिलांच्या कोपराला धरलं होतं. आणि वडील म्हणजे दुपारचे चाचा.

मुलगी माझ्या पायांकडं मान वळवून हसली. "तुम्ही पण पायानं बघता?"

जगात ही गोष्ट मी एकटाच करतो असं मला वाटत होतं. हे ढोंग करून येत नाही. कुणी दलाल आपल्या लेकीला असं चालायला शिकवणार नाही. चाचांनी मला दुसऱ्या हाताला धरलं आणि दोघांना एकदमच खाली उतरवलं. त्यांची सिल्लोडची बस उभी होती. ती सुटायच्या आत त्यांनी मला आधी माझ्या बसमध्ये बसवून दिलं. जाताना खिडकीखालून म्हणाले, "कल आना बेटा. मेरे वास्ते नहीं, मॅडम के वास्ते. वो दुबारा देखी तेरी आँख, मैंने दरवाजे की फट से देखा." मला हसू आलं. माणूस दाराच्या फटीतून बघत उभा होता!

दुसऱ्या दिवशी गावाकडून परत येऊन मी रक्त दिलं. अहवाल यायला बरेच दिवस लागले. मग मॅडमनी मला समोर बसवून समजावून सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत लिहितो. आपण जी प्रथिनं खातो, त्यांतल्या एका घटकापासून शरीरात ऑर्निथिन नावाचं द्रव्य तयार होतं. इतरांच्या शरीरात ते पुढं मोडलं जातं. ते मोडायची सोय माझ्या शरीरात जन्मापासून नाही. त्यामुळे ते रक्तात साचतं, आणि साचत गेलं की डोळ्याचा पडदा कडेकडेनं विरत जातो. हा आजार फार थोड्या लोकांना असतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्हीकडचे लपलेले दोष एकत्र आले तरच तो होतो. नात्यात लग्न झालं की दोन्हीकडं तोच दोष असण्याची शक्यता वाढते, पण तो कुणाचा अपराध नव्हे. गेलेली नजर परत येणार नाही. पण ते द्रव्य कमी ठेवलं तर उरलेली जास्त दिवस टिकू शकते. एका जीवनसत्त्वाच्या गोळ्या काहींना लागू पडतात, त्या देऊन पाहू. आणि मुख्य म्हणजे जेवण. डाळी, अंडी, दूध हे मोजून, आहारतज्ज्ञ सांगतील तेवढंच. आपल्या मनानं सगळं बंदही करायचं नाही, कारण शरीराला प्रथिनं लागतातच. ती उणीव भरायला एक खास पावडर असते. "आणि शेंगदाणा," मॅडम म्हणाल्या, "तो तर तुला विषच समज."

आईचा हात मला दिसत होता, कूट टाकणारा, आमटी वाढणारा. नजर यावी म्हणून धरलेला सोमवार. ज्या देवाला डोळे मागितले, त्याच्याच उपवासात डोळे झिजवणारी गोष्ट मी वाटीवाटीनं खाल्ली. त्या दिवशी देवाचा मला अतोनात राग आला. पण आहारतज्ज्ञ बाईंनी चालणाऱ्या पदार्थांची नावं सांगायला सुरुवात केली आणि मी गोंधळलो. साबुदाणा चालेल, रताळं चालेल, बटाटा चालेल, फळं चालतील. मी विचारलं, "हे तर उपवासाचं झालं की?" त्या म्हणाल्या, "हो. दाणे तेवढे काढून टाक." म्हणजे उपवास चुकला नव्हता, त्यात आम्ही घातलेली वस्तू चुकली होती. यात देवाची खूण होती की योगायोग, यावर मी वाद घालणार नाही. माझा राग मात्र तिथंच विरघळला.

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिनं आधी चाचांवरच संशय घेतला. "कोन कुठला मानूस, माजा सोमवार मोडाया निघाला!" मग नात्याची गोष्ट कळल्यावर भिंतीला टेकून बसली. "म्हंजे खोट माज्यातच व्हय?" मी म्हणालो, "नाही आई, अर्धी आबांकडची आहे." आबा म्हणजे माझे वडील. ते शेजारीच बसले होते, म्हणाले, "बरं झालं, आजवर काहीच वाटून घेतलं नव्हतं आपन." आई रडता रडता हसली. पण उंबऱ्यावरच्या लिंबाचं काय करायचं, हे तिला समजेना. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जावेशी अबोला धरला, ते कारणच निघून गेलं होतं.

पथ्य सुरू झालं आणि मोडायलाही लागलं. आमच्याकडं दाण्याशिवाय स्वयंपाक म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही. मी गावी आलो की प्रत्येक घरात आग्रह. "डॉक्टरांनी नको सांगितलंय," म्हटलं की, "डॉक्टरला काय कळतंय, एका लाडवानं काय होतंय?" नाही म्हणायची मला सवय नाही. एक लाडू, एक घास, थोडी चटणी. पुढच्या तपासणीत रक्तातल्या ऑर्निथिनचा आकडा पुन्हा चढला. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "लोकांचं मन राखायला तू डोळे देतोयस." मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी आई मूठभर शेंगदाणे पदरात घेऊन महादेवाच्या देवळात गेली. सोबत काकूला घेऊन गेली. शेंगदाणे पिंडीपुढं ठेवले आणि म्हणाली, "महादेवा, आजपासून मी अन् माज्या पोरानं दाना तुला सोडला. जलमभर." एखादी आवडती वस्तू देवाला सोडायची रीत आमच्याकडं आहे. पण आईला दाणे किती आवडायचे, ते मला माहीत होतं. शेतात काम करताना तिच्या कमरेला दाण्यांची चंची असायची. दुसरं काही खायला तिला सवडच नसे.

मला हे कळलं तेव्हा माझा स्वभाव पुन्हा आडवा आला. मी विचारलं, "आई, लोकांना गप्प करायला देवाचं नाव पुढं केलंस ना?"

"लोकांसाठी केलं असतं तर लोकांम्होरं केलं असतं," ती म्हणाली. "तुज्या पथ्याचा भार तू एकल्यानं काहून उचलायचा? म्हनून मी बी सोडलं."

"आणि काकूला का नेलंस?"

"ती मला चुकू देनार नाय म्हनून. अन् लई वर्सं मी तिला चुकीचं धरलं, ते बी तिथंच ठिवून आले."

ज्या बाईवर संशय घेतला, तिलाच साक्षीला उभं केलं. मी शिकलेला, पण मला हे सुचलं नसतं. पुढं एका बारशाला मला कुणीतरी शेंगदाण्याचा लाडू देऊ लागलं, "घे रे, एकानं काय होतंय." मी नेहमीसारखा अडखळलो. तेवढ्यात पलीकडून काकू ओरडली, "ए, ठेव ते खाली! देवाला सोडलंय त्यानं!" आणि वाढणारा हात तिथंच थांबला. त्या माणसानं उलट कानाला हात लावून माफी मागितली. डॉक्टरांच्या शब्दाला जिथं कुणी जुमानत नव्हतं, तिथं आईचं सोडणं माझ्याभोवती कुंपणासारखं उभं राहिलं. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. गोळ्यांचा माझ्यावर फार परिणाम झाला नाही. जे झालं ते ताटानं झालं.

चाचांबद्दल सांगायचं राहिलं. पावडर कुठं मिळते हे विचारायला मी सिल्लोडला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि एका कोपऱ्यातलं खोकं दाखवलं. पावडर लांबून मागवावी लागते आणि खोकंभर घ्यावी लागते. एकट्या लेकीला ती संपत नाही, काही डबे मुदत टळून फुकट जातात. म्हणून चाचा कितीतरी वर्षं दवाखान्याच्या बाकावर बसून, रात्री न दिसणाऱ्या प्रत्येक पोराला विचारत होते. सगळे पळून जायचे. "मेरा भी मतलब था बेटा," ते हसत म्हणाले. "तू बाकावरून उठलास ना, मी म्हटलं, गया ये भी." त्यांची मुलगी आतून म्हणाली, "अब्बांना पेशंट पाहिजे होता, जावई शोधतात तसा."

म्हणजे माझा संशय अगदी खोटा नव्हता. त्या माणसाला माझ्याकडून काहीतरी हवंच होतं. पण त्याला हवं होतं तेच माझ्या भल्याचं होतं. त्या दिवसापासून माझं एक कोडं सुटलं. कृपा आली तर ती निर्मळ, कुणाच्या गरजेचा स्पर्श नसलेली येईल, अशी मी वाट पाहत होतो. ती आली तेव्हा पिशवी घेऊन, जीभ चुकचुकत, दाराच्या फटीतून डोकावत आली. म्हणून मी तिला ओळखलं नाही. पिंपळाखाली मी विचारलं होतं, कोण खरं ते सांग. तोंडी उत्तर मिळालं नाही, पण अंधार पडल्यावर मला हाताला धरून खाली उतरवणारं कुणीतरी आलं. एवढं मला पुरेसं आहे.

आजही मला संध्याकाळी दिसत नाही. पुढं किती दिसेल, ते मॅडमही सांगत नाहीत. सोमवार मात्र चालू आहे, नजर येईपर्यंत अशी अट आता मी त्याला घालत नाही. पावडरचं खोकं चाचांची मुलगी आणि मी वाटून घेतो. तपासणीला गेलो की मी त्याच बाकावर चाचांच्या शेजारी बसतो. एखादा मुलगा पाय घासत आला की आता मीच विचारतो, "रात्री कमी दिसतं का? आई-वडील नात्यातले आहेत का?" पोरं माझ्याकडं संशयानं बघतात, डबा झाकतात, दुसऱ्या बाकावर जाऊन बसतात. मला त्यांचा राग येत नाही. मी त्यांच्यासाठी मनात महादेवाला एवढंच म्हणतो, की त्यांनी जावं हवं तिथं, पण अंधार पडायच्या आत त्यांना कुणीतरी भेटव.